मोटॅबिलिटीची स्कूटर: भाड्यात सगळं येतं, दाराचं माप मात्र आपणच घ्यायचं

ब्रिटनमध्ये मोटॅबिलिटी, म्हणजे अपंगांना भत्त्याच्या बदल्यात वाहन देणारी योजना, म्हटलं की आधी मोटारगाडीच आठवते. पण १९७७ साली सुरू झालेल्या या योजनेतून मोबिलिटी स्कूटर (चालणं अवघड झालेल्यांसाठीची बॅटरीवरची छोटी गाडी) आणि पॉवर्ड, म्हणजे बॅटरीवर चालणारी, व्हीलचेअरही तीन वर्षांच्या भाडेकराराने मिळते. योजना म्हणून ती चोख आहे. घोळ होतो तो यंत्र निवडताना, आणि एकदा करार झाला की ते यंत्र तीन वर्षं गळ्यात पडतं.

आधी पात्रता. पिप, म्हणजे पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट या अपंगत्वाच्या सरकारी भत्त्यातल्या मोबिलिटी (हिंडण्याफिरण्याच्या) भागाचा वरचा दर मिळत असावा आणि तो पुढे निदान बारा महिने चालू राहणार असावा (डीएलए, म्हणजे जुन्या डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा वरचा मोबिलिटी दरही चालतो). २०२५-२६ मध्ये हा दर आठवड्याला ७७.०५ पौंड होता. सगळ्यात मोठी निराशा इथेच होते. सरकारी पेन्शनचं वय उलटल्यावर पिपचा नवा अर्ज करता येत नाही, आणि त्या वयात मिळणाऱ्या अटेंडन्स अलाउन्समध्ये मोबिलिटीचा भागच नसतो. म्हणजे सत्तरीत पहिल्यांदा गुडघ्यांनी दगा दिलेल्या आजींना योजनेचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी व्हॅट-सवलतीत खरेदी, शॉपमोबिलिटीची तासा-दिवसाची भाड्याची स्कूटर किंवा एनएचएसची, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेची, व्हीलचेअर सेवा. एनएचएस सहसा स्कूटर देत नाही, खुर्ची देते, तीही तपासणी करून.

भाडं भत्त्यातून परस्पर वळतं होतं. स्वस्त मॉडेल घेतलं तर उरलेली रक्कम आपल्याकडेच येते. मात्र एका भत्त्यावर मोटार किंवा स्कूटर, दोन्ही नाही. घरात डॉक्टरकडे न्यायला गाडी कुणाची, याचं उत्तर आधी ठरवा. भाड्यात विमा, सर्व्हिसिंग, दुरुस्ती, ब्रेकडाउन, टायर आणि बॅटऱ्या येतात. आमच्या मते खरी किंमत वसूल होते ती बॅटऱ्यांमध्ये. बहुतेक स्कूटरना १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि विकत घेतलेल्या यंत्राचा पहिला मोठा खर्च तोच असतो.

आता निवड. ताशी चार मैल वेगाची क्लास २ स्कूटर फक्त फुटपाथसाठी. क्लास ३ ला रस्त्यावर आठ मैलांपर्यंत मुभा आहे, फुटपाथवर पुन्हा चारच. क्लास ३ ची डीव्हीएलए या वाहन नोंदणी खात्याकडे नोंदणी लागते, कर शून्य, लायसन्स लागत नाही. ८५ सेंटिमीटर रुंदीपर्यंतचं हे धूड बसमध्ये मात्र जात नाही. स्कूटर घेणाऱ्या बसकंपन्या साधारण १००० मिलिमीटर लांब आणि ६०० रुंद एवढ्याच क्लास २ ला घेतात, तेही आधी पाहणी करून. आठवडाभर बसवर अवलंबून असाल तर आठ मैलांचा मोह सोडा.

शोरूममध्ये प्रत्येक स्कूटर गुळगुळीत वळते, कारण तिथे बोळ नसतो. जुन्या टेरेस्ड (ओळीने एकमेकांना चिकटून बांधलेल्या) घरातला हॉल आणि त्यातून काटकोनात वळणारं बैठकीचं दार, हीच खरी परीक्षा. दाराची फळी मोजू नका. दार नव्वद अंशांत उघडं ठेवून, दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या पट्टीपर्यंत मोजा. ७६२ मिलिमीटरच्या दारातूनही प्रत्यक्ष वाट त्याहून चांगलीच कमी मिळते. घरात फिरायचं असेल तर मिड-व्हील खुर्ची घ्यावी. तिची चालती चाकं मध्ये असल्याने ती जवळजवळ जागच्या जागी वळते. मागच्या चाकांवर चालणारी खुर्ची बाहेर सरळ छान धावते, घरात भिंती खरवडते. स्कूटर घरात वापरायची कल्पनाच सोडून द्यावी. तीनचाकी कमी जागेत वळते, पण उतारावर तिरकं वळताना कलंडायची भीती जास्त. पाय ठेवायला जागा आणि आधार हवा तर चारचाकी.

गाडीच्या डिकीत जाणाऱ्या घडीच्या स्कूटरचं एकूण वजन विचारू नका, सुट्ट्या भागांतल्या सर्वांत जड भागाचं विचारा, आणि तो भाग उचलणाऱ्यालाच डीलरसमोर उचलायला लावा. संधिवाताने अंगठा दुखत असेल तर डेल्टा हँडल पाहा, त्यात लीव्हर बोटांनी ओढता येतो. हात थरथरत असेल तर खुर्चीच्या जॉयस्टिकची प्रतिसादाची गती डीलरकडून कमी करून घेता येते. हे विचारल्याशिवाय बहुधा कुणी सांगत नाही.

एका चार्जचा छापील पल्ला सपाट रस्त्यावरचा आणि हलक्या चालकाचा असतो. थंडी, चढ आणि मागची पिशवी धरून त्याचे दोन तृतीयांशच मोजा. लेड-ॲसिड बॅटरी वापरल्यावर रोज रात्री पूर्ण चार्ज करावी. अर्धवट रिकामी ठेवली तर प्लेटांवर सल्फेट जमतं आणि पल्ला कायमचा घटतो. डिसेंबरात दोन महिने पुण्याला जाणाऱ्यांनी निघताना पूर्ण चार्ज करून मुख्य स्विच बंद ठेवावा आणि महिन्यातून एकदा शेजाऱ्याकरवी चार्ज लावून घ्यावा. फ्लॅटच्या सामायिक जिन्याखाली मात्र स्कूटर ठेवू नये. आग लागली तर तीच बाहेरची वाट असते, आणि अनेक घरमालक तिथे स्कूटर ठेवूच देत नाहीत.

स्कूटर विमानातून न्यायची असेल तर लिथियम बॅटरीचे नियम वेगळे. काढता येणारी एक ३०० वॉट-तासांपर्यंत, किंवा दोन असल्यास प्रत्येकी १६०. एअरलाइनची संमती आधी लागते. भाड्याच्या यंत्राचा विमा परदेशात लागू आहे का, हे योजनेकडून लेखी घ्या.

ताबा घेताना फ्रीव्हील लीव्हर कुठे आहे ते स्वतः हलवून पाहा. यंत्र ढकलायला तो सोडावा लागतो, पण तो सोडला की ब्रेकही सुटतो. उतारावर हात लावायचा नाही. घरी आणल्यावर ‘सुरूच होत नाही’ म्हणून फोन करायच्या आधीही तोच लीव्हर तपासा, पुष्कळदा तो अर्धवट राहिलेला असतो.