लीड स्वस्त झाली, साइट व्हिजिट महागली: रिअल इस्टेटसाठी सर्च एजन्सी घ्यावी की माणूस ठेवावा?

सर्च मार्केटिंग (गूगल सर्चवरच्या जाहिराती, आणि जाहिरातीविना वर दिसण्यासाठीचं काम म्हणजे एसइओ) बाहेर दिलेल्या रिअल इस्टेट कंपनीकडे महिन्याला जो रिपोर्ट येतो, त्यात सगळ्यात ठळक अक्षरात ‘कॉस्ट पर लीड’, म्हणजे फॉर्म भरून चौकशी करणाऱ्या एका माणसामागचा खर्च, छापलेली असते. सगळ्यात फसवा आकडाही तोच. समजा, आधी महिन्याला ४० लीड यायच्या आणि त्यातून १२ साइट व्हिजिट व्हायच्या. एजन्सी बदलली, बजेट तेवढंच राहिलं, लीड १०० झाल्या आणि व्हिजिट ९. रिपोर्टमध्ये लीडचा खर्च ६० टक्के उतरल्याचा हिरवा बाण झळकतो. प्रत्यक्षात एका व्हिजिटचा खर्च ३३ टक्के चढलेला असतो आणि टेलिकॉलरच्या गळ्यात ६० जास्तीचे फोन पडलेले असतात. यात एजन्सी खोटं बोलत नसते. लीड फॉर्ममधून पुढे गेली की तिचं काय झालं, हे तिला दिसतच नाही.

म्हणून एजन्सी, फ्रीलान्सर आणि घरची टीम या तिन्ही पर्यायांना इथे एकच कसोटी लावली आहे: लीडच्या पुढचं कोणाला दिसतं, आणि दिसल्यावर तो त्याचं करतो काय?

आधी एजन्सी. चांगल्या एजन्सीचा पहिला महिना घरच्या कोणालाही जमणार नाही इतका नेटका असतो. ट्रॅकिंग बसवणं, कॅम्पेनची मांडणी, लँडिंग पेजचा (क्लिकनंतर उघडणाऱ्या पानाचा) वेग, सगळं झटपट होतं. मोबाइलवर पेजचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसायला हवा, बटण दाबल्यावर पेजने २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद द्यायला हवा. दहा-दहा एमबीचे थ्रीडी फोटो डकवलेली प्रोजेक्टची पानं इथे हमखास नापास होतात आणि एजन्सी ते आठवड्यात सुधारून देते. अनेक अकाउंट हाताखालून गेल्यामुळे क्लिक महागले तर तो बाजाराचा परिणाम की आपली चूक, हेही तिला लवकर कळतं. नियमांच्या बाबतीतही तसंच. उदाहरणार्थ, अमेरिका आणि कॅनडात घरांच्या जाहिराती वय, लिंग, वैवाहिक स्थिती किंवा पिनकोडनुसार दाखवायला गूगलने २०२० पासून मनाई केली आहे. नवख्या माणसाला हे जाहिरात नाकारली गेल्यावरच समजतं.

घसरण सुरू होते तिसऱ्या महिन्यापासून. पिच करायला आलेला अनुभवी माणूस दुसऱ्या क्लायंटकडे जातो, अकाउंट ज्युनिअरच्या हाती येतं आणि सगळं ‘ऑटो’वर पडतं. हे ओळखायला एजन्सीला काही विचारायचीही गरज नाही. गूगल ॲड्समध्ये ‘चेंज हिस्टरी’ उघडायची. मागच्या २ वर्षांतला प्रत्येक बदल तारखेसह आणि कोणी केला त्यासह तिथे दिसतो. महिन्याभरात माणसाच्या हाताने झालेले बदल दोन-तीनच असतील आणि बाकी सगळे गूगलच्या आपोआप लागू झालेल्या शिफारशी असतील, तर फी नेमकी कशाची चालली आहे ते समोरच आलं.

दुसरी जागा सर्च टर्म्स रिपोर्टची. आपण विकत घेतलेला कीवर्ड आणि लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘दोन बेडरूमचा फ्लॅट’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर (मिळत्याजुळत्या सर्चवरही जाहिरात दाखवणाऱ्या सेटिंगवर) मोकळा सोडला की खाली काय काय येतं बघा: ‘भाड्याने फ्लॅट’, ‘रिअल इस्टेट एजंट नोकरी’, ‘फ्लॅटचे इंटिरिअर फोटो’, ‘घर बांधायला किती सिमेंट लागतं’, ‘गृहकर्ज व्याजदर’. आणि हमखास एक ओळ आपल्याच जुन्या प्रोजेक्टच्या नावाची, पुढे ‘सोसायटी ऑफिस नंबर’. म्हणजे पाच वर्षांपूर्वी घर घेतलेला माणूस मेंटेनन्सची तक्रार करायला आपल्याच पैशाने आपल्याच जाहिरातीवर क्लिक करतो. हे शब्द निगेटिव्ह यादीत (ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या शब्दांत) टाकायला आठवड्याला पाऊण तास पुरतो. पण कोणता शब्द फालतू आणि कोणता कामाचा, हे इन्व्हेंटरी माहीत असणाराच सांगू शकतो. ‘तळमजला’ हा शब्द एजन्सीला बिनकामाचा वाटेल. तळमजल्याचे चार फ्लॅट पडून आहेत हे सेल्सवाल्यालाच ठाऊक.

रिपोर्टमध्ये कंपनीच्या स्वतःच्या नावाने झालेल्या सर्चचे आकडे वेगळे काढून मागा. ज्यांनी होर्डिंग पाहून नाव टाइप केलं, ते तसेही आपल्याकडे येणारच होते. त्यांची गणती एकूण लीडमध्ये मिसळली की कुठलीही एजन्सी हुशार दिसते.

लोकेशन सेटिंगबद्दल एक सल्ला जिथेतिथे दिला जातो आणि रिअल इस्टेटमध्ये तो अर्धाच बरोबर आहे. गूगलचं डीफॉल्ट सेटिंग त्या भागात असलेल्यांबरोबरच त्या भागात ‘रस दाखवणाऱ्यां’नाही जाहिरात दाखवतं, आणि बहुतेक जण ते ताबडतोब बंद करायला सांगतात. किराणा दुकानासाठी ठीक आहे. घर मात्र लोक दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात बसून घेतात. म्हणून दोन कॅम्पेन वेगळ्या ठेवाव्यात. एक फक्त त्या भागात राहणाऱ्यांसाठी. दुसरी बाहेरच्यांसाठी, आणि तिच्या प्रत्येक कीवर्डमध्ये भागाचं नाव असलंच पाहिजे. दोघांची बजेटं स्वतंत्र, फोन करायच्या वेळाही स्वतंत्र. पिच करायला आलेल्या एजन्सीला हे स्वतःहून सुचलं, तर तिने या धंद्यात काम केलेलं आहे असं समजायला हरकत नाही.

आता कळीची गोष्ट. जाहिरातीवर क्लिक झाला की गूगल त्या क्लिकला एक ओळखक्रमांक लावतं, जीसीएलआयडी. तो फॉर्मच्या लपलेल्या रकान्यात पकडायचा, सीआरएममध्ये (ग्राहकांच्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये) लीडसोबत जपायचा आणि तो माणूस साइटवर येऊन गेला की ‘या क्लिकमधून व्हिजिट झाली’ असं गूगलला परत कळवायचं. मग ऑटो बिडिंग (क्लिकसाठीची बोली गूगलनेच ठरवणं) फॉर्म भरणाऱ्यांऐवजी व्हिजिटला येणाऱ्यांसारखी माणसं शोधायला लागतं. वरच्या १०० विरुद्ध ४० लीडच्या गोंधळावर एवढाच उपाय आहे. फक्त दोन मर्यादा लक्षात ठेवायच्या. क्लिकनंतर ९० दिवसांच्या आतलंच कळवता येतं आणि घराचं बुकिंग बरेचदा त्यापुढे जातं. शिवाय ऑटो बिडिंगला शिकायला महिन्याला साधारण ३० तरी नोंदी लागतात, तेवढी बुकिंग क्वचितच कोणाची होतात. त्यामुळे बुकिंगवर अडून न राहता व्हिजिट कळवावी. व्हिजिटही तेवढ्या होत नसतील तर ‘फोनवर बोलणं झालं, बजेट जुळलं’ हा टप्पा कळवावा.

ही पाइपलाइन एजन्सी बसवून देईल. पण सीआरएममध्ये नोंदच होत नसेल तर पुढे जाणार काय? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! सेल्सवाल्यांना वीस पर्यायांची यादी दिली की ते सगळीकडे ‘फॉलोअप’ ठोकून मोकळे होतात. पर्याय पाचच ठेवा: फोन लागत नाही, ब्रोकर किंवा नोकरीवाला, बजेट किंवा एरिया जुळत नाही, रस आहे, व्हिजिट झाली. नोंद २४ तासांत, आणि ती झाली की नाही हे रोज बघणारा माणूस कंपनीच्या पगारावरचा. हे काम बाहेर देता येत नाही. ज्यांनी ते बाहेर द्यायचा प्रयत्न केला, त्यांच्याकडे एजन्सी आणि सेल्स टीम एकमेकांवर बोट दाखवत बसलेली दिसेल. ‘लीड भंगार आहेत’, ‘तुम्ही फोनच उचलत नाही’.

घरच्या टीमचं दुखणं निराळं. सर्चसाठी म्हणून घेतलेला माणूस दोन महिन्यांत ब्रोशर, सोशल पोस्ट, प्रदर्शनाचे स्टँडी आणि साहेबांचं प्रेझेंटेशन यांत अडकतो, आणि सर्च टर्म्स रिपोर्ट उघडायचा राहतो तो राहतोच. त्याला एकच अकाउंट दिसत असतं, त्यामुळे चूक आपली की बाजाराची हे ताडायला त्याच्याकडे साधन नसतं. त्यात मालक रोज सकाळी स्वतः सर्च करून ‘आपण पहिले का दिसत नाही’ म्हणून फोन करतो. अशा प्रत्येक सर्चने क्लिकविना इम्प्रेशन (जाहिरात दिसल्याची नोंद) वाढतं आणि जाहिरातीचा क्लिक-दर खाली येतो. त्यासाठी गूगल ॲड्समध्ये ॲड प्रिव्ह्यूचं टूल आहे, ते मालकाला शिकवणं हे घरच्या माणसाचं पहिलं काम. आणि तो नोकरी सोडून गेला की सगळं त्याच्या डोक्यातच जातं, लिहून ठेवलेलं काहीच नसतं.

तरी एसइओचा मजकूर घरातूनच यावा, याबद्दल आमचं मत ठाम आहे. एजन्सीकडून येणारी ‘अमुक भागात घर का घ्यावं’ छापाची पानं एका साच्यातली असतात. परीक्षा सोपी: पानावरचं भागाचं नाव बदलून बघा. मजकूर तरीही तितकाच खरा वाटत असेल तर पान फुकट. नाव बदलून काढलेली अशी ८० पानं गूगलच्या स्पॅम नियमांत ‘डोअरवे’ (फक्त सर्चमधून लोक ओढायला काढलेली पानं) म्हणून बसतात. मार्च २०२४ पासून ढिगाने मजकूर पाडण्यावर वेगळा नियमही आला आहे. खरा मजकूर म्हणजे कार्पेट एरिया, पार्किंगची रुंदी, कोणत्या विंगला दुपारचं ऊन लागतं, लिफ्ट किती. हे साइट इंजिनिअरला माहीत असतं, कंटेंट रायटरला नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइलही (गूगल मॅपवर दिसणारी व्यवसायाची नोंद) घरीच ठेवा. विक्री कार्यालयाचं प्रोफाइल चालतं. रिकामा फ्लॅट किंवा सॅम्पल फ्लॅट स्वतंत्र व्यवसाय म्हणून दाखवता येत नाही. आकडा फुगवायला काही एजन्स्या तसं करतात आणि प्रोफाइल निलंबित झालं की निस्तरायचं आपण.

एसइओमधला तांत्रिक भाग मात्र बिनधास्त बाहेर द्या, आणि एकदाच द्या. ब्रोकरच्या साइटवर बेडरूमचे ५, बजेटचे ६, भागांचे २० आणि ताब्याच्या स्थितीचे ३ फिल्टर असले की लिस्टिंग शंभरच असताना १,८०० वेगवेगळ्या लिंक तयार होतात. त्यांतल्या कोणत्या गूगलला दाखवायच्या, कोणत्या झाकायच्या हे ठरवणं जाणकाराचं काम. विकल्या गेलेल्या घरांच्या पानांचंही तसंच. ती सगळी होमपेजकडे वळवायची सवय वाईट. गूगल त्यांना ‘पान सापडलं नाही’ असंच धरतं. जवळपास तसंच दुसरं घर असेल तर त्या पानाकडे वळवावं, नसेल तर सरळ ४०४ (‘पान नाही’ हा संदेश) द्यावं. ज्या पानावर लोक अजूनही येतात, ते ‘विकले गेले’ असं लिहून, खाली तशीच उपलब्ध घरं दाखवत ठेवावं.

एसइओचा परिणाम दिसायला गूगलच्याच सांगण्यानुसार साधारण ४ महिने ते १ वर्ष लागतं. आठ महिन्यांत विकून संपणाऱ्या प्रोजेक्टच्या वेगळ्या मायक्रोसाइटवर एसइओचा रिटेनर (दरमहा ठरावीक फी) देणं म्हणजे पैसे पाण्यात. बिल्डरने प्रोजेक्टची पानं मूळ डोमेनवरच ठेवावीत आणि प्रोजेक्टपुरत्या जाहिराती एजन्सीकडून चालवाव्यात. ब्रोकरेज आणि भाड्याच्या व्यवसायात इन्व्हेंटरी सतत फिरती असते, तिथे पानं सांभाळणारा घरचा माणूस पगार वसूल करून देतो. ‘पहिला नंबर गॅरंटी’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

फीचं गणित. एजन्सी जाहिरात खर्चाच्या १५ टक्के घेत असेल, तर खर्च माणसाच्या पगाराच्या सुमारे ६.७ पट होईपर्यंत एजन्सी स्वस्त पडते. पगारावर टूल्स आणि प्रशिक्षणाचे ३० टक्के धरले तर ही रेषा ८.७ पटीवर जाते. पण टक्केवारीत एक खोट आहे: बजेट कमी करा असा सल्ला त्या एजन्सीकडून कधीच येणार नाही. ठरावीक फी बरी. ‘पर लीड’ पैसे देणं सगळ्यात वाईट; तीच लीड आणखी तिघांना विकली जात नाही, हे करारात लिहून घेतल्याशिवाय त्यात पडू नये. आपल्या शेजारच्या प्रोजेक्टचं काम तीच एजन्सी करत असेल तर दोन्हीकडून तिला तेच कीवर्ड चढ्या भावाने घ्यावे लागतात, तेव्हा किती किलोमीटरच्या आत दुसरा क्लायंट घेणार नाही हेही लिहून घ्यावं.

फ्रीलान्सर छोट्या बजेटला उत्तम. त्याच्या आजारपणात अकाउंट कोण बघणार, एवढं आधी विचारून ठेवा.

एकूण निवाडा मधल्या मार्गाच्या बाजूने जातो: लीडच्या नोंदी, मजकूर आणि प्रोफाइल सांभाळणारा एक माणूस घरात, जाहिराती आणि तांत्रिक एसइओ बाहेर. मात्र अकाउंट कोणाच्या नावावर, हे पहिल्याच दिवशी मिटवावं. गूगल ॲड्स कंपनीचं, एजन्सी तिच्या मॅनेजर अकाउंटमधून जोडलेली. सर्च कन्सोलची (गूगल सर्चमध्ये साइट कशी दिसते ते दाखवणाऱ्या टूलची) मालकी डोमेनच्या डीएनएस सेटिंगमधून कंपनीने स्वतः सिद्ध केलेली. तिथे तसाही १६ महिन्यांचाच डेटा राहतो, तोही दुसऱ्याच्या हाती नको. जीए४ (गूगल ॲनालिटिक्स, साइटवर येणाऱ्यांची मोजणी) मध्ये तपशीलवार डेटा ठेवायची मुदत मुळात २ महिने असते, ती लगेच १४ करून घ्यावी. मागचा गेलेला डेटा परत येत नाही.

आणि कॉल ट्रॅकिंगचे नंबर, म्हणजे फोन कुठल्या जाहिरातीतून आला हे कळावं म्हणून घेतलेले वेगळे नंबर. ते एजन्सीच्या नावावर असतील तर करार संपल्यावरही जुन्या ब्रोशरवर, पोर्टलवर, साइटच्या फाटकावरच्या पाटीवर तेच छापलेले राहतात. पुढच्या वर्षी कोणी पाटी वाचून फोन लावेल, तर तो नंबर तेव्हा कुठल्या बिल्डरकडे वाजेल ते एजन्सीच ठरवणार.