रस्ट इरेझर: गंज निघतो, पण चकचकीत सुरीला लावू नका

सुरीवर तांबूस ठिपके दिसले की लोक एकतर तारेची घासणी घेऊन तुटून पडतात नाहीतर सुरीच बदलतात, हलका गंज असेल तर दोन्हीची गरज नसते. मी हल्ली गंज काढायचं रबर वापरतोय, रस्ट इरेझर नावाने मिळतं ते. पाकिटावर 'नव्यासारखी चमक' वगैरे छापलंय, त्यातला गंजाचा भाग खरा आहे, चमकेचा नाही.

दिसायला जाडजूड खोडरबरच. आत बारीक खरखरीत कण कालवलेले असतात, सिलिकॉन कार्बाइड किंवा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे, म्हणजे पॉलिश पेपरवर असतात तसलेच. रबर झिजतं तसे आतले कण वर येतात त्यामुळे अगदी तुकडा उरेपर्यंत काम करतं. फाइन, मीडियम, कोर्स असे प्रकार असतात, स्वयंपाकघरातल्या सुरीला फाइनच घ्या, कोर्सने गंज पटकन जातो पण असे चरे पडतात की गंज बरा होता म्हणाल.

वापरायची पद्धत सोपी आहे पण घाई नको. रबर पाण्यात बुडवून घ्यायचं, सुरी बोर्डवर सपाट ठेवायची, खाली ओला कपडा म्हणजे सरकत नाही, आणि पाठीकडून धारेकडे हलक्या हाताने घासायचं, उलटं धारेच्या अंगावर कधीच नाही, नाहीतर रबर कापलं जातं आणि मागोमाग बोट. पात्यावर बारीक रेघा दिसत असतील तर त्याच दिशेने, गोल गोल फिरवलं की डाग जातो पण तो पट्टा कायम वेगळा दिसतो. सुरुवातीला तपकिरी चिखल सुटतो, मग तो नुसता राखाडी यायला लागला की थांबायचं, कारण आता गंज नाही तर चांगलं स्टील आणि रबरच निघतंय. (वास अगदी जळक्या टायरसारखा नाही पण त्याच्या खानदानातला आहे, साबणाने धुतलं की जातो.)

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ते कापता येतं. गंज धरतो कुठे, तर मुठीला पातं मिळतं त्या खाचेत, तिथे पाणी साचून राहतं आणि घासणी पोचत नाही. रबराचा कोपरा ब्लेडने तिरका कापला की पाचरीसारखा आत जातो. हे काम पेस्टने इतकं नीट होत नाही.

आता तक्रारी. आरशासारखं पॉलिश असलेल्या पात्यावर लावलं की धुरकट पट्टा येतो आणि तो धुऊन जात नाही. पात्यावरचं नाव वरवर छापलेलं असेल तर तेही पुसट होतं, कोटिंगवाल्या सुरीचा तर विषयच सोडा. कार्बन स्टीलवर, म्हणजे स्टेनलेस नसलेल्या, पटकन गंजणाऱ्या स्टीलवर, वापरून वापरून जी निळसर-राखाडी झाक चढते ती लाल गंजाला थोडीफार आडकाठी करते, रबर तीही खरवडून काढतं, मग पुढचे काही दिवस ती सुरी जास्तच जपावी लागते. आणि नखाला खड्डा लागत असेल तर तो वरवरचा गंज राहिलाच नाही, तो खड्डा रबराने भरणार नाहीये.

चकचकीत स्टेनलेसला आधी खाण्याच्या सोड्याची पाणी घालून पेस्ट लावा आणि मऊ कपड्याने पुसा, नाही गेलं तर ऑक्सॅलिक अ‍ॅसिडवाली पावडर, बार कीपर्स फ्रेंड त्यातलीच, ती मिनिटभरच ठेवून भरपूर पाण्याने धुवायची. व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा असं बरेच जण सांगतात, ते नका करू, गंज जातो पण अ‍ॅसिड स्टीललाही खातं, पातं काळपट होतं आणि लाकडी मूठ फुगते ती वेगळीच.

स्टेनलेसला गंज येतोच कसा म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. त्यात साधारण 10.5 टक्के किंवा जास्त क्रोमियम असतं, त्याच्या ऑक्साइडचा अगदी पातळ थर वर बसतो म्हणून गंज लांबतो, पण मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. डिशवॉशरमध्ये तर गरम वाफ, डिटर्जंट, मीठ सगळं एकदम. धुऊन लगेच कोरडी केली की अर्धं काम झालं, कार्बन स्टील असेल तर वर फूड ग्रेड मिनरल ऑइलचा पुसटसा हात, स्वयंपाकाचं तेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं.

रबर फिरवल्यावर धार थोडी बोथट होते, त्यामुळे आधी गंज, मग धार लावायची, उलट केलंत तर मेहनत वाया.

5 पैकी 4. एक कापला तो पाकिटावरच्या चमकेच्या गप्पांसाठी. साधी मॅट सुरी किंवा कार्बन स्टील असेल तर बिनधास्त घ्या, फाइन, आणि छोटाच तुकडा, घरातल्या सुऱ्यांना तो भरपूर पुरतो.