नावाखालचा आकडा: गूगल मॅप्सवर काही महिने ‘लोकल गाइड’ म्हणून

गूगल मॅप्सवर जागांचे रिव्ह्यू, फोटो टाकणाऱ्यांना गूगल ‘लोकल गाइड’ म्हणतं, त्यांना गुण देतं आणि गुणांप्रमाणे एक ते दहा लेव्हल. आधीच सांगून टाकते, पैसे मिळत नाहीत. मी मॅप्सवर रिव्ह्यू लिहिते हे कळलं की पहिला प्रश्न तोच येतो. २०१५च्या सुमाराला वरच्या लेव्हलवाल्यांना फाइली साठवायला गूगल ड्राइव्हवर एक टेराबाइट जागा फुकट मिळायची, ते दिवस गेले. आता मिळतो तो नावाखाली आकडा: लोकल गाइड, इतके रिव्ह्यू, इतके फोटो. तेवढ्यासाठी माणसं किती राबतात, हे आत शिरल्याशिवाय कळत नाही.

गुणांचं गणित असं. रिव्ह्यूला दहा, तो दोनशे अक्षरांच्या पुढे गेला तर आणखी दहा. फोटोला पाच, व्हिडिओला सात. नकाशात नसलेली जागा टाकली तर पंधरा, चुकीची वेळ किंवा पत्ता दुरुस्त केला तर पाच. नुसते तारे दिले तर एक. नावाशेजारचा बिल्ला चौथ्या लेव्हलला येतो, त्याला २५० गुण लागतात. म्हणजे लांब रिव्ह्यू तेराएक, नाहीतर एकही अक्षर न लिहिता पन्नास फोटो. मिसळ वरून, मिसळ बाजूने, तर्री ओतताना, पाव बुडवताना असे दहा फोटो टाकले की एका बशीत पन्नास गुण सुटतात. दहाव्या लेव्हलला एक लाख गुण. लांब रिव्ह्यूंच्या हिशेबाने ते पाच हजार होतात, रोज एक लिहिला तरी पावणेचौदा वर्षं. तरीही तिथे पोचलेली माणसं आहेत, आणि त्यातल्या काहींची पानं पाहिली की वाटतं, यांनी जेवण गरम असताना कधी खाल्लं असेल का!

मी सध्या पाचव्या लेव्हलला आहे. सहाव्याला १५०० लागतात. घाई नाही.

आता मुद्द्याचं. सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे मी हाडांच्या डॉक्टरांचे रिव्ह्यू फार वाचते. दादर पश्चिमेला जुन्या इमारतीत एक दवाखाना आहे. त्याखाली सर्वांत वर एका बिल्लेवाल्या गृहस्थांचा रिव्ह्यू, नावाखाली शेकडो रिव्ह्यू आणि हजारांत फोटो: ‘व्हेरी गुड डॉक्टर, नाइस स्टाफ.’ बराच खाली एक बाई, बिल्ला नाही, सगळे मिळून दोन रिव्ह्यू. त्यांनी लिहिलं होतं: ‘पहिला मजला. लिफ्ट नाही. लाकडी जिना, चौदा पायऱ्या, मध्ये वळण. चढताना कठडा डाव्या हाताला. साडेसहाच्या आत गेलात तर बाकावर जागा मिळते. उजवा गुडघा दुखत असेल तर चढणं जमतं, उतरताना सोबत कुणीतरी हवं.’ डॉक्टर चांगले की वाईट यावर अवाक्षर नाही. आम्ही त्या चौदा पायऱ्यांच्या हिशेबाने गेलो, काठी आणि भाच्याला घेऊन.

त्या बाईंना या रिव्ह्यूचे फार तर वीस गुण मिळाले असतील. मिसळीच्या चार फोटोंना तेवढेच मिळतात.

मग नावाखाली आकडा दाखवायचाच कशाला? माझं मत असं झालंय की हा आकडा शहाणपणाचा नाहीच, तो भाड्याच्या जागेच्या डिपॉझिटसारखा आहे. डिपॉझिट भरणारा भाडेकरू सज्जनच असतो असं नाही, पण एका रात्रीत गाशा गुंडाळताना तो दोनदा विचार करतो. ज्याच्या नावावर शंभर रिव्ह्यू आहेत त्याने वेळ घातलेला आहे. हॉटेलमालकाच्या मेहुण्याने काल उघडलेल्या खात्यापाशी तो नसतो. नवीन हॉटेल उघडतं, आठवड्यात पाच ताऱ्यांचे पंचवीस रिव्ह्यू पडतात, आणि प्रत्येक नावाखाली ‘१ रिव्ह्यू’. तिथे आकडा एका नजरेत काम करून जातो. मोठा आकडा विश्वासार्ह आहे की नाही यावर वाद घालता येईल, पण ओळीने आलेले एक-एक बघून कुणीही सावध होतं.

ही युक्ती मॅप्सची नाही, इंटरनेटवरच्या गप्पांच्या फोरमच्या काळापासूनची आहे. व्हीबुलेटिन नावाच्या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या फोरममध्ये नाव नोंदवलं की माणूस ‘ज्युनिअर मेंबर’, तीस पोस्टनंतर ‘मेंबर’, शंभर झाल्या की ‘सीनिअर मेंबर’. ही ठरलेली मांडणी, चालवणाऱ्याने बदलली नाही तर. शंभराव्या पोस्टला ज्ञान वाढतं असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. पण कित्येक फोरमवर ठरावीक पोस्ट झाल्याशिवाय लिंक टाकता यायची नाही की खरेदी-विक्रीच्या विभागात शिरता यायचं नाही. माल खपवायला आलेला तिथेच कंटाळायचा. चिकाटीचे लोक मात्र प्रत्येक धाग्यावर ‘सहमत’, ‘छान माहिती’, ‘धन्यवाद’ टाकत शंभरी गाठायचे. २००८ साली स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट आली ती वेगळ्या वाटेने गेली: तुम्ही किती लिहिलं यापेक्षा इतरांनी त्याला किती मतं दिली यावर गुण. दुसऱ्याच्या उत्तराखाली टिप्पणी करायलाही पन्नास गुण लागतात. कडक आहे, पण ‘धन्यवाद’ लिहून तिथे वर चढता येत नाही. मॅप्सवर रिव्ह्यू उपयोगी वाटला तर त्याला पसंती देता येते, पण नावाखाली जे दिसतं ते अजूनही किती लिहिलं तेच.

दुकानदारांना हा आकडा कळतो, हे मला नवीन होतं. काउंटरवर क्यूआर कोडचा स्टँड असतोच. लालबागच्या एका दुकानात मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तुमचा बिल्ला आहे ना, तुमचं वजन पडतं. पाच द्या, फरसाणावर दहा टक्के लावतो.’ सवलतीच्या बदल्यात रिव्ह्यू घेणं गूगलच्या नियमांत बसत नाही, पण नियम त्या पोराला कोण सांगणार! मी फरसाण पूर्ण भावाने घेतलं. फरसाण चांगलं होतं, ही गोष्ट वेगळी.

आता मी आकडा बघते आणि नावावर टॅप करून आतली यादी बघते. काहींनी ती लपवलेली असते, मग पुढे जाते. यादीत एकाच दिवशी ठाणे, वसई आणि कुलाबा असेल तर मला तो रिव्ह्यू नको. वीस-तीसच रिव्ह्यू, त्यात गिरणी, चष्म्याचं दुकान, एखादी खानावळ, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, आणि कुठे तीन तारे, कुठे दोन, असं असेल तर तो माणूस त्या भागात राहतो. त्याचं ऐकते.

तारीखही बघायला हवी, आकडा ती झाकून टाकतो. ‘एल्फिन्स्टन स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं लिहिलेलं दिसलं की समजावं, बहुतेक जुनं आहे. २०१८ च्या जुलैत त्या स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. (जुनी मंडळी अजून एल्फिन्स्टनच म्हणतात, ते सोडा.) त्यात रस्ता एल्फिन्स्टनच्या पुलावरून सांगितला असेल तर तोही गेला, पूल पाडकामासाठी २०२५ च्या सप्टेंबरात बंद झाला. लिहिणाऱ्याचा आकडा मात्र वाढतच राहतो, आणि त्या वाढत्या आकड्याखाली जुना पत्ता ताजा दिसायला लागतो. थाळीच्या भावांचंही तेच. माझा सर्वांत जास्त पाहिला गेलेला फोटो एका हॉटेलच्या भावफलकाचा आहे, आणि त्यातले भाव कधीच बदललेत. व्ह्यूजची मेल येते तेव्हा आनंद होतोच, खोटं कशाला बोलू.

ॲप अधूनमधून विचारतं: इथे व्हीलचेअर आत नेता येईल का? पार्किंग आहे का? हो-नाही दाबलं की एक गुण. मुंबईत पहिल्या मजल्यावरचे दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि बँकांच्या शाखा बघता हा अख्ख्या ॲपमधला सर्वांत कामाचा प्रश्न, आणि त्याला मिसळीच्या एका फोटोच्या पाचव्या हिश्शाचं मोल. शिवाय हो-नाहीत चौदा पायऱ्या आणि कठड्याची बाजू मावत नाही, ती हाताने लिहावी लागते.

म्हणून हल्ली माझ्या रिव्ह्यूची पहिली ओळ ठरलेली आहे: मजला, लिफ्ट, पायऱ्या, कठडा, बसायला जागा, संडास देशी की कमोड. चवीबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत. वापरून बघायचं असेल त्यांना एवढंच सुचवेन की गुणांचे नोटिफिकेशन पहिल्याच दिवशी बंद करा आणि सुरुवात आपल्या गल्लीतल्या दवाखान्यापासून करा, हॉटेलपासून नको.