ऑपॉसम पाहायचा आहे: ट्रेल कॅमेरा बांधावा की स्वतः बसावं?

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत ऑपॉसमची पहिली ओळख बहुधा कचऱ्याच्या डब्याजवळ होते आणि ‘केवढी ही घूस!’ असं तोंडून निघतं. ती घूस नव्हे. मेक्सिकोच्या उत्तरेला पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा हा एकमेव रानटी प्राणी आहे. तो नीट पाहायचा, टिपायचा तर दोन वाटा आहेत: झाडाला ट्रेल कॅमेरा, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारा कॅमेरा, बांधून ठेवायचा, नाहीतर रात्री कॅमेरा घेऊन स्वतः बसायचं. सुरुवात कशाने करावी असं विचाराल, तर मी ट्रेल कॅमेराच सांगेन.

कारण ऑपॉसम एका बिळाला बांधलेला नसतो. काही दिवसांनी जागा बदलतो, त्यामुळे काल दिसला तिथे आज दिसेलच असं नाही. आधी ओढ्याकाठच्या चिखलात पावलं शोधा. पुढच्या पंजाचा ठसा चांदणीसारखा फाकलेला, मागच्याचा अंगठा आडवा बाहेर आलेला असतो. तिथे गुडघ्याच्या खाली, वाटेपासून दोन-तीन मीटरवर कॅमेरा बांधा. त्याहून जवळ बांधलात तर त्याचं पांढरं तोंड कॅमेऱ्याच्या इन्फ्रारेड दिव्याच्या उजेडात धुऊन जातं. हे दिवे प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ओळखतात: ८५० नॅनोमीटरच्या दिव्याचा पल्ला जास्त, पण त्याची मंद लाली दिसते. ९४० चा दिवा जवळपास दिसतच नाही, मात्र पल्ला कमी. एवढ्या जवळच्या कामाला मी ९४० घेईन. व्हिडिओवर ठेवलात तर शेपटीच्या वेटोळ्यात पाचोळा धरून बिळाकडे निघालेला ऑपॉसमही मिळू शकतो. स्वतः बसून हे दिसायला फार मोठं नशीब लागतं.

पण रात्रीच्या त्या चित्रांत रंग नसतो. गुलाबी नाक, काळेभोर डोळे, थंडीने करपलेल्या कानांच्या कडा हवं असेल तर बसावंच लागतं. हा प्राणी सावकाश चालतो, हुंगताना थबकतो. एफ २.८ ची, म्हणजे भरपूर उजेड आत घेणारी लेन्स, ३२०० ते ६४०० आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) आणि झाकलेला मंद दिवा असेल तर १/१२५ सेकंदात फोटो निघतो. फ्लॅश मी वापरत नाही. कडाक्याच्या थंडीत तो कधी दिवसाही बाहेर पडतो. अशी दुपार सोडू नका.

बसण्यातला खरा धोका त्याला आहे. फार जवळ गेलात तर तो आधी ५० दातांचा जबडा उघडतो आणि तरीही हटला नाहीत तर लुळा पडतो. लोक याला मेल्याचं सोंग म्हणतात, पण सोंग आपल्या मर्जीने घेतात. हे त्याच्या हातात नसतं. काही मिनिटं, कधी काही तास तो तसाच पडून राहतो. तो फोटो भेदरलेल्या जिवाचा असतो. तो काढू नका, दुसऱ्याने काढलेला कौतुकाने पुढेही पाठवू नका. आणि कॅमेऱ्यापुढे अंडी किंवा मांजराचं खाणं ठेवू नका. रॅकून आणि स्कंकही गोळा होतात आणि खाण्याच्या ओढीने जनावरं रस्ते ओलांडू लागतात.

अनेक राखीव जंगलं सूर्यास्ताला बंद होतात आणि कॅमेरा बांधायलाही परवानगी लागते. म्हणून परसात किंवा ओळखीच्यांच्या जागेत सुरुवात करणं सोपं. मे-जूनमध्ये पाठीवर पिल्लं घेतलेली आई ट्रेल कॅमेऱ्यात दिसली, की मी तिकडे बसायला जाणं थांबवतो. कॅमेरा तेवढा चालू ठेवतो.