चार महिने भाड्याने, की कायमचं उठायचं?

मुंबईतल्या डोंगरउतारावरच्या झोपडीत बारा महिने राहावं का, हा प्रश्न मी धरतच नाही. २००० साली घाटकोपरच्या आझाद नगरात, २००५ च्या २६ जुलैला साकीनाक्याला, २०२१ च्या १८ जुलैला चेंबूरच्या भारत नगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात दरडी-भिंती कोसळून काय झालं, हे उतारावरच्या माणसाला सांगायला नको. पेच पुढचा आहे. मे महिन्यात दाराला नोटीस लागली की पावसाळ्यापुरतं खाली भाड्याने जायचं, की मिळतंय ते पर्यायी घर घेऊन कायमचं उठायचं? मी तीन पावसाळे पहिलं केलं, मग दुसरं.

भाड्याचं सोपं वाटतं. पोरांची शाळा तीच, बायकोची कामं तीच, दसऱ्याला परत वर. शिवाय पुराव्यांची धास्ती असतेच. पर्यायी घराच्या हक्कासाठी लागणारे १ जानेवारी २००० च्या आधीचे कागद ज्याने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेत, त्याला घर हातचं सोडवत नाही. डिपॉझिट, टेम्पो, फ्रिज खांद्यावरून उतरवणं हा त्रास आहे, पण तो सोसतो माणूस.

मला जे सोसलं नाही ते वेगळंच. आई रोज संध्याकाळी दिवा लावायला वर जायची. 'बंद घराला वास येतो' म्हणायची. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात वातींची डबी, आणि शेवाळलेल्या पायऱ्या. कुलपाला तेल सोडायची, मागच्या भिंतीतून झिरपलेलं पाणी खराट्याने काढायची, मग शेजारणीकडे चहा. ऑगस्टमधल्या एका रात्री नऊ वाजले तरी ती आली नाही. मी धावत वर गेलो. लाइट गेलेली, मागून गढूळ पाणी येतंय, आणि ही दिव्याजवळ पाटावर बसलेली. म्हणाली, "जरा उघडीप मिळू दे, येते." म्हणजे भाडं आम्ही भरत होतो आणि धोक्याच्या वेळेला आई नेमकी वरच. गणपतीलाही तसंच: देव आपल्या घरात बसायला हवा म्हणून ऐन भाद्रपदात अख्खं कुटुंब वर. चार महिन्यांतले खरे किती दिवस खाली काढले, ते मी मोजायचं सोडून दिलं.

पर्यायी घर म्हणजे सुख, असं मी म्हणणार नाही. २२५ चौरस फुटांत सहा माणसं, दोन इमारतींच्या फटीत पडणारा कचरा, आणि आमची लिफ्ट चालू दिसली की लोक एकमेकांना फोन करून सांगतात. बायकोची दोन कामं सुटली. जागाही बघून घ्यावी लागते. माहुलला रिफायनरीच्या शेजारी पाठवलेल्या लोकांचे हाल कोर्टापर्यंत गेले. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टाने तिथे आणखी कुणाला धाडू नका, तानसाच्या पाण्याच्या पाइपलाइनवरून उठवलेल्यांना महिना १५,००० रुपये भाडं द्या, असं सांगितलं. तसली हवा असेल तर मी म्हणेन, भाड्याचंच बरं.

आमच्या बाबतीत मात्र एक गोष्ट झाली, जिच्यावर मी तेव्हा चिडलो होतो. नवी चावी मिळाली त्याच आठवड्यात जुनं घर पाडलं. आई दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या संध्याकाळी तिने वातींची डबी काढली आणि इकडे तिकडे बघत विचारलं, "इथे कोनाडा कुठेय रे?" कोनाडा नव्हताच. मीटरच्या पेटीखाली फळी ठोकून दिली.

तुमच्या घरात दिवा लावायला वर जाणारं कुणी नसेल, तर चार महिन्यांचं भाडं तुम्हाला जमेलही. असेल, तर एकदा त्या माणसाला घेऊन नवीन घर बघून या. शक्यतो जुलैत, आणि जिन्याने.