पॅरिसमध्ये चौघांसाठी अपार्टमेंट की हॉटेल?

गंगापूर रोडला आमच्या शेजारच्या काकू मुलगा, सून आणि नातवासह पॅरिसला निघाल्यात. तिकिटं झालीत, घोडं अडलंय ते राहण्याच्या जागेवर.

खर्च आधी. तिथल्या हॉटेलच्या खोल्या लहान, चौघांना बहुधा दोन लागतात. अपार्टमेंट त्यामानाने स्वस्त दिसतं, पण नुसता रात्रीचा दर बघू नका. साफसफाईचे पैसे एकरकमी लागतात. दोन रात्रींना ते जड, आठवड्याला हलके. पर्यटक कर दोन्हीकडे आहेच.

जेवणात मात्र अपार्टमेंटला तोड नाही. दिवसभर पायपीट करून आल्यावर कुकर नसला तरी पातेल्यात मूगडाळीची खिचडी होते, आणि काकूंसारख्या शाकाहारी माणसाला तेवढा आधार फार मोठा.

खरी मेख जिन्यांत आहे. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं नवलाचं नाही. पाचवा मजला, अरुंद गोल जिना, हातात बॅगा! काकूंच्या गुडघ्यांसाठी मजला आणि लिफ्ट लेखी विचारून घ्याच.

अपार्टमेंटच्या जाहिरातीत घर पर्यटकांना भाड्याने देण्याचा नोंदणी क्रमांक नसेल तर ते घर सोडा. पॅरिसमध्ये तो बंधनकारक आहे. शेंगेन व्हिसाला (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) राहण्याचा पुरावा लागतो; व्हिसा नाकारला तर पैसे बुडू नयेत, म्हणून बुकिंग फुकट रद्द होणारं हवं. हॉटेलात असे दर सहज मिळतात.

दोन-तीन रात्री, किंवा गुडघे दुखणारं माणूस सोबत आणि लिफ्टची खात्री नाही, तर हॉटेल. आठवडाभर, लहान मूल आणि घरचं जेवण हवं, तर लिफ्टवालं अपार्टमेंट. काकूंना मी तेच सांगितलंय.