सीएस २ काही महिने खेळून: बंदुका त्याच आहेत, गणित बदललंय

ग्रुपवर दर आठवड्याला कोणीतरी विचारतंच, 'काउंटर-स्ट्राइक परत चालू करू का रे, काय काय बदललंय', म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. नवीन असाल तर: हा पाच विरुद्ध पाच असा बंदुकांचा ऑनलाइन गेम, एक टीम बॉम्ब लावते, दुसरी (सीटी) अडवते, राऊंडआधी गेममधल्या पैशांनी बंदुका घ्यायच्या; सीएस २ ही त्याची नवी आवृत्ती. मी नोकरी सांभाळून खेळणारा माणूस, कांदिवली ते लोअर परळ रोजचं, घरी येऊन जेवून हेडफोन चढवेपर्यंत दहा वाजतात. प्रो लेव्हलचं ज्ञान हवं असेल तर दुसरीकडे बघा.

पहिली गोष्ट म्हणजे 'बंदुकांचा बॅलन्स घालवला' ही जी बोंब आहे ना, ती मला पटत नाही. एके रायफल अजून गेममधल्या २७०० लाच मिळते, हेल्मेट घातलेल्याच्या डोक्यात एक गोळी बसली की विषय संपला, आणि सीटींच्या एम४ रायफलला ते आजही जमत नाही. एडब्ल्यूपी या स्नायपरमध्ये दहाच्या जागी पाच गोळ्या आल्या म्हणून रडणारे पण आहेत, अरे तो बदल २०२२ चा आहे, जुन्या गेममधला, सीएस २ तर २७ सप्टेंबर २०२३ ला आला. उलट बाय मेन्यू, म्हणजे खरेदीची यादी, सुधारलाय. चुकीची बंदूक घेतली तर परत करता येते, आणि दोन्ही एम४ एकत्र लोडआउटमध्ये (आधीच निवडून ठेवलेल्या बंदुकांत) ठेवता येतात, आधी एकच निवडायला लागायची.

बदललंय ते राऊंडचं गणित. आधी १६ राऊंड जिंकायला लागायच्या, आता १३. हाफ, म्हणजे बाजू बदलेपर्यंतच्या राऊंड, १५ चा होता तो १२ चा झाला. ऐकायला किरकोळ वाटतं पण पैशाची सिस्टीम मात्र साधारण तीच ठेवलीये, सुरुवातीला ८००, हरलात की १४००, हरत राहिलात तर दर वेळी ५०० वाढत ३४०० पर्यंत. म्हणजे पिस्तूल राऊंड (हाफची पहिली) गेली की दुसरी बहुतेक जातेच, तिसऱ्यात जरा नीट बाय होतो आणि तिथे पण मार खाल्ला की परत इको, म्हणजे पैसे वाचवायला जवळजवळ काही न घेता खेळायचं. १५ च्या हाफमध्ये हे पचायचं, बारात नाही पचत. सीटी साइडला तर जास्तच लागतं कारण तिकडे रायफल महाग, वर बॉम्ब निकामी करायच्या डिफ्यूज किटचे ४०० वेगळे. त्यामुळे रँडम टीममध्ये आता सेव्ह करायला कोणी तयारच नसतो, दुसऱ्या राऊंडलाच सगळे 'फोर्स फोर्स' (आहेत तेवढे पैसे उडवा) ओरडतात, आणि खरं सांगायचं तर त्यांचंही पूर्ण चुकत नाही, कारण वाचवलेले पैसे वापरायला पुढे राऊंड उरतातच कुठे.

फायदा एवढाच की मॅच लवकर आटपते. पूर्वी एक मॅच म्हणजे तासभर गेला समजायचं, आता अकराला चालू केली तर बाराच्या आत झोपायला मोकळा, नाहीतर सकाळच्या लोकलला उभ्या उभ्या डुलक्या.

स्मोक ग्रेनेडबद्दल मात्र मनापासून चांगलं लिहीन. आता धूर खोलीच्या आकाराप्रमाणे पसरतो, गोळी मारली की बारीक भोक पडतं आणि आत एचई (फुटणारा ग्रेनेड) टाकला तर थोडा वेळ सगळं साफ. परवा मिराज मॅपवर आम्ही ११-१२ ने मागे, बॉम्ब ए साइटवर लावलेला, आमचे दोघं जिवंत आणि कनेक्टर नावाच्या वाटेच्या तोंडाशी दाट धूर. माझा मित्र हळूच म्हणाला 'थांब, फोडतो', एचई आत गेला, धूर फाटला आणि पलीकडे एक सीटी चक्क गुडघ्यावर बसून रीलोड करत होता. त्याला कळलंच नाही काय झालं. जुन्या गेममध्ये हा प्रकार शक्यच नव्हता, आणि माझ्या मते आख्ख्या अपडेटमधली हीच एक गोष्ट आहे जिच्यासाठी परत यावं.

आता मॅचमेकिंग, म्हणजे सिस्टीम कोणाला कोणासोबत आणि कोणासमोर लावते ते. प्रीमियर या रँकवाल्या मोडमध्ये रँकऐवजी सरळ आकडा येतो, तोही दहा मॅच जिंकल्यावर. पाच हजाराच्या खाली करडा रंग, मग फिकट निळा, निळा, जांभळा असं चढत चढत तीस हजाराला सोनेरी. सात मॅपमधून दोन्ही टीम खोडत खोडत एकावर येतात, आणि मॅच चालू व्हायच्या आधीच समोर दिसतं की जिंकलात तर किती मिळणार, हरलात तर किती जाणार. हे दाखवायलाच नको होतं असं मला वाटतं. 'जिंकलो तर शंभर, हरलो तर चारशे' असलं काही दिसलं की पहिल्या राऊंडच्या आधीच कोणीतरी माईकवर सुस्कारा टाकतो आणि टीमचा मूड तिथेच बसतो. वर तुम्ही तीस किल मारा नाहीतर सहा, हरलात की आकडा खालीच.

आणि इथेच ते राऊंडचं गणित परत नडतं. पाच ओळखीच्या पोरांची टोळी समोर आणि आपल्याकडे पाच अनोळखी, दिल्लीचा एक, ढाक्याचा एक, तिसरा माईकच लावत नाही. अशा टीमला सूर सापडायला सात-आठ राऊंड लागतात आणि तोवर स्कोअर २-६ झालेला असतो. १६ वाल्या जमान्यात तिथून परत येणं व्हायचं, मी बघितलंय. आता जोडी लावायला सिस्टीम थोडी जरी चुकली तरी दुरुस्तीला वेळच मिळत नाही.

पिंगच्या (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणाऱ्या वेळेच्या) बाबतीत आपण मुंबईकर नशीबवान आहोत, सर्व्हर इथेच असल्यामुळे वायरने खेळलात तर आकडा एक अंकी सुद्धा दिसतो. फक्त रात्री उशिरा लोक कमी झाले की शोध लांब जातो आणि सिंगापूर नाहीतर दुबईला जाऊन पडायची वेळ येते. सेटिंगमध्ये जास्तीत जास्त पिंगची मर्यादा आहे, ती खाली आणा, रांग लांबेल पण डोकं शांत राहील. पावसाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या केबलवाल्याची वायर जी दर चार दिवसांनी झोपते त्याला मात्र सेटिंग नाही.

चीटर भेटतात का? भेटतात, वरच्या आकड्यांना जास्त अशी तक्रार ऐकतो, मी तिथे पोचलेलो नाही.

परत येणार असाल तर निदान दोन ओळखीचे धरून या, दहा ते बारा ही वेळ चांगली, आणि प्राइमचे (गेममधल्या पेड स्टेटसचे) पैसे भरायची तयारी ठेवा, फुकटात प्रीमियर उघडत नाही. एकटे खेळणार असाल तर प्रीमियर सोडा आणि साध्या कॉम्पिटिटिव्हमध्ये एकच मॅप पकडा, तिथे रँक मॅपप्रमाणे वेगळी असते, आकडा पडायची धास्ती नाही. मी सध्या मिराज आणि इन्फर्नो, बाकीचे वीकेंडला.